सिनिअर यूएक्स डिझायनरच्या इंटरव्ह्यूत नेमकं काय बघतात?

सकाळी नऊची वेळ. घाटकोपरला मेट्रोतून उतरलात आणि आता लोकल पकडायची आहे. मेट्रोचं तिकीट व्हॉट्सॲपवर आलं होतं, घरात चहा पिता पिता काढलं. लोकलचं राहिलं. पुलावर उभं राहून रेल्वेचं तिकीट ॲप उघडता, तर ॲप नकार देतं. तुम्ही स्टेशनच्या हद्दीत आहात, बाहेर जाऊन तिकीट काढा. मागून लोक ढकलतायत, खाली गाडी लागलेली दिसतेय आणि फोन म्हणतोय बाहेर जा.

हा जो वैताग आहे ना, तो कमी करणं हे कुणाचं तरी रोजचं काम असतं. त्या माणसाला यूएक्स डिझायनर म्हणतात. आणि असाच प्रश्न आम्ही सिनिअर यूएक्स डिझायनरच्या इंटरव्ह्यूत विचारतो.

'आम्ही' म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी डिझायनर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अंधेरी पूर्वेला ऑफिस, ॲपचा कोड लिहितो. पण डिझायनरने काढलेली स्क्रीन शेवटी चालती करायची आम्हीच, म्हणून डिझायनरच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर एक इंजिनिअर बसवतात. आमच्याकडे गेली दोन-अडीच वर्षं तो मी आहे. या काळात सहा-सात वर्षांचा अनुभव असलेली चांगली माणसं बाहेर पडताना बघितली. काम येत नव्हतं म्हणून नाही, तर समोरचा काय शोधतोय याचा अंदाज नव्हता म्हणून. त्यातली बरीच मराठी मुलं-मुली होती, म्हणून हे मराठीत लिहितोय.

आधी यूएक्स म्हणजे काय ते दोन मिनिटांत

यूआय म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते: बटण, रंग, फॉन्ट. यूएक्स म्हणजे ते वापरताना माणसाचं जे होतं ते सगळं. 'युझर एक्सपीरियन्स' हा शब्द रुळला तो डॉन नॉर्मन या माणसामुळे. १९९० च्या दशकात तो ॲपलमध्ये होता, आणि स्क्रीनपुरतं न बघता वस्तू वापरण्याचा पूर्ण अनुभव बघावा हा त्याचा मुद्दा होता.

एकदम जवळचं उदाहरण देतो. बोरिवली मार्केटमधला भाजीवाला फोन बघत बसू शकत नाही. हातात तराजू, समोर चार गिऱ्हाइकं. पैसे आले की नाही हे त्याला कसं कळणार? आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून सटकणारेही असतात. यावर उत्तर निघालं साउंडबॉक्स. 'एकशे वीस रुपये प्राप्त झाले' असं मोठ्याने बोलणारा डबा. त्यात एकही सुंदर स्क्रीन नाही, आणि माझ्या मते भारतातल्या सगळ्यात चांगल्या यूएक्स कामांपैकी ते एक आहे. इंटरव्ह्यूला येणाऱ्यांनी हे उदाहरण डोक्यात ठेवावं, कारण निम्मे पोर्टफोलिओ बघून वाटतं की यूएक्स म्हणजे गोल कोपऱ्यांची कार्डं आणि जांभळा ग्रेडियंट.

'सिनिअर' या शब्दाचा अर्थ

वर्षं मोजून कुणी सिनिअर होत नाही. ज्युनिअरला आपण प्रश्न देतो आणि तो स्क्रीन देतो. सिनिअरने आधी सांगायला हवं की प्रश्न बरोबर आहे का, त्यात काय बदलता येतं, काय येत नाही, आणि एक गोष्ट मिळवताना दुसरी कुठली सोडावी लागेल.

काय बदलता येत नाही, हे फार महत्त्वाचं. एका उमेदवाराने पेमेंट ॲपचं रीडिझाइन आणलं होतं. दिसायला मस्त. त्यात त्याने यूपीआय पिन टाकायची स्क्रीन पण नवीन केली होती, मोठे आकडे, छान ॲनिमेशन. मी विचारलं, ही स्क्रीन कोणाची असते? त्याला माहीत नव्हतं. तुम्हीही आत्ता दोन वेगवेगळी यूपीआय ॲप उघडून बघा, पिन टाकायची स्क्रीन जवळपास सारखीच दिसेल. कारण ती एनपीसीआयच्या कॉमन लायब्ररीतून येते. तुमचा पिन ॲपवाल्याच्या हाती लागू नये म्हणूनच ती वेगळी ठेवली आहे. म्हणजे त्या ॲपच्या डिझायनरला तिथे हात लावता येत नाही. ज्युनिअरला हे माहीत नसेल तर चालतं. सिनिअरला नेमकं हे नसेल, तरी 'ही स्क्रीन आपल्या ताब्यात आहे का?' हा प्रश्न तरी सुचायला हवा.

राउंड किती आणि कुठले

कंपनीप्रमाणे बदलतात, पण साधारण असं असतं. आधी एचआरचा फोन: नोटीस पिरियड, सध्याचा पगार, ऑफिसला यायला किती वेळ लागेल. मग पोर्टफोलिओ राउंड, पाऊण ते एक तास, एक किंवा दोन प्रोजेक्ट खोलात. मग व्हाइटबोर्ड राउंड, म्हणजे समोर बसून एखादा प्रश्न सोडवणं. काही ठिकाणी घरी करायचं काम देतात. त्यानंतर प्रॉडक्ट मॅनेजर आणि इंजिनिअरबरोबर बसवतात, आणि शेवटी ज्याच्या हाताखाली काम करायचं तो साहेब किंवा मॅडम. एचआरच्या फोनबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. मालाडचं ऑफिस आणि घर मुलुंडला असेल तर ते आधीच स्पष्ट बोला, एवढंच.

पोर्टफोलिओ: लपवलेलं कामच कधी कधी सगळ्यात चांगलं असतं

मागे मुलुंडहून एक उमेदवार आली होती. आठेक वर्षांचा अनुभव, शिक्षण मराठी माध्यमातून, नंतर कमर्शिअल आर्ट. पोर्टफोलिओत सगळ्यात वर एका प्रसिद्ध म्युझिक ॲपचं काल्पनिक रीडिझाइन. त्याखाली एका फूड ॲपचं, तेही काल्पनिक. मी आणि माझ्याबरोबरची प्रॉडक्ट मॅनेजर, दोघंही थंड. ऑर्डरी किती, बजेट किती, कोणी विरोध केला, काहीच नाही, कारण ते काम खरं नव्हतंच.

शेवटच्या पानावर छोटंसं काहीतरी होतं: पतसंस्थेचं पिग्मी कलेक्शन ॲप. तिने स्वतःहून सांगितलं की ते फार काही खास नाही, सोडून देऊ या का? म्हटलं, नको, तेच सांगा.

पिग्मी माहीत नसेल तर: रोज थोडे थोडे पैसे जमा करायची योजना. १९२८ साली उडुपीला सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेच्या योजनेमुळे हे नाव रूढ झालं, आणि आपल्याकडे पतसंस्थांनी ते गल्लोगल्ली नेलं. एजंट रोज दुकानादुकानात जातो, शंभर-दोनशे घेतो, पावती देतो.

तर ही मुलगी दोन दिवस एका एजंटबरोबर घाटकोपरच्या बाजारात फिरली होती. जुन्या ॲपमध्ये खातेदारांची यादी नावाच्या अक्षरानुसार होती. ऑफिसात बसून ते अगदी बरोबर वाटतं. पण एजंट अक्षरानुसार चालत नाही, गल्लीने चालतो. आधी किराणावाला, मग शेजारचा टेलर, मग समोरचं मेडिकल. प्रत्येक दुकानात नाव शोधायचं म्हणजे तेवढा वेळ दुकानदाराचं गिऱ्हाईक उभं. तिने यादी चालण्याच्या क्रमाने लावली. काल ज्या क्रमाने पैसे घेतले, तोच क्रम आज.

दुसरी गोष्ट याहून चांगली. पतसंस्थेच्या मॅनेजरचं म्हणणं होतं की कालची रक्कम आधीच भरून ठेवा, एजंटने फक्त ओके दाबायचं, काम पटापट होईल. तिने नाही म्हटलं. कारण एजंट घाईत ओके दाबणार, दुकानदाराने आज दोनशेऐवजी शंभरच दिले असणार, आणि संध्याकाळी हिशोब जुळणार नाही. तो फरक एजंटच्या खिशातून जातो. तिने त्याऐवजी नेहमीच्या तीन रकमांची मोठी बटणं दिली, आणि नोंद झाल्यावर 'दोनशे रुपये' असं अक्षरात, दुकानदाराला समोरून वाचता येईल इतकं मोठं दाखवलं. एक बोट जास्त दाबावं लागतं. पण ते कुणासाठी आणि का, याचं उत्तर तिच्याकडे होतं. हिशोब न जुळण्याच्या तक्रारींचे आधीचे आणि नंतरचे आकडेही होते.

तुमच्या लक्षात आलं का, या गोष्टीत सिनिअर डिझायनरचं सगळं आलं. प्रत्यक्ष जाऊन बघणं, वरच्या माणसाला कारण देऊन नाही म्हणणं, वेग आणि चूक यांत काय निवडायचं ते ठरवणं, आणि नंतर मोजणं. आमच्या पॅनेलवर एकाला तिच्या स्क्रीन साध्या वाटल्या होत्या, मी भांडलो. तिला ऑफर गेली. आली नाही ती, दुसरीकडे जास्त पैसे मिळाले. बरोबरच केलं.

म्हणून पोर्टफोलिओ लावताना एक साधी चाळणी लावा. ज्या कामात कुणीतरी तुम्हाला अडवलं होतं, ते वर. ज्यात सगळं तुमच्याच मनासारखं झालं, ते खाली. पतसंस्था, डिस्पेन्सरी, क्लासेसची फी भरायचं ॲप, सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर, यातलं काहीही चालेल. आणि सांगताना 'आम्ही' कुठे आणि 'मी' कुठे हे वेगळं करा. सगळं 'आम्ही केलं' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्यात तुमचं काय?

कंपनीशी करार असल्यामुळे काम दाखवता येत नसेल तर नाव आणि आकडे झाका आणि प्रश्न कसा सोडवला ते सांगा. मात्र जुन्या कंपनीच्या गुप्त स्क्रीन सरळ उघडून दाखवू नका. आम्ही बघतो आणि मनात म्हणतो, उद्या आमच्याही दाखवेल.

अजून एक. 'आम्ही पाच युझरवर टेस्ट केलं' हे वाक्य जवळपास प्रत्येक जण म्हणतो. जेकब निल्सनने २००० साली मांडलं होतं की पाच माणसांवर चाचणी केली तरी वापरातल्या बहुतेक अडचणी समोर येतात, त्यातून हा आकडा आला. ठीक आहे. पण मी नेहमी विचारतो, कोण पाच? उत्तर 'ऑफिसातलेच मित्र' असेल तर ते पाच काय, पन्नास असले तरी उपयोग नाही.

व्हाइटबोर्ड राउंड: घाटकोपरच्या पुलावरचा माणूस

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही विचारतो तो असा: मेट्रोतून उतरलेल्या माणसाला ॲप लोकलचं तिकीट देत नाही. ४५ मिनिटं आहेत, हा अनुभव सुधारा.

बरेच जण मार्कर उचलतात आणि लगेच चौकोन काढतात. वर हेडर, मध्ये 'क्विक बुक' बटण, खाली आवडती स्टेशनं. पंधरा मिनिटांत सुंदर होम स्क्रीन तयार. पण माणूस अजून पुलावरच उभा आहे. ॲप नकार का देतं हे विचारलंच नाही.

जो विचारतो त्याला आम्ही माहिती देतो. मुंबई उपनगरी मार्गांवर मोबाइलवरचं तिकीट २०१४ च्या अखेरीस आलं तेव्हा ते मशीनवर छापून घ्यावं लागायचं. २०१५ पासून कागद गेला. आणि कागद गेल्याबरोबर नवा प्रश्न आला: टीसी दिसला की तिथल्या तिथे तिकीट काढायचं, नाही दिसला तर फुकट. म्हणून ॲप जीपीएसवरून बघतं की तुम्ही स्टेशनच्या किंवा रुळांच्या अगदी जवळ तर नाही ना. याला जिओफेन्स म्हणतात, नकाशावरचं अदृश्य कुंपण. पूर्वी बाहेरच्या बाजूनेही मर्यादा होती, ठराविक किलोमीटरच्या पलीकडून तिकीट निघत नसे. ती २०२४ मध्ये काढली. आतलं कुंपण राहिलं.

इथून पुढे खरा इंटरव्ह्यू सुरू होतो. मग मेट्रोला असं कुंपण का नाही? तिथे तर व्हॉट्सॲपवर कुठूनही तिकीट मिळतं.

एका मुलाने यावर क्षणभर थांबून उत्तर दिलं की मेट्रोला गेट आहे. क्यूआर दाखवल्याशिवाय गेट उघडतच नाही, म्हणजे तिकीट कुठे उभं राहून काढलं याने मेट्रोला फरक पडत नाही. लोकलला गेट नाही, कुणीही आत जाऊ शकतो, म्हणून गेटचं काम ॲपला करावं लागतं. मी तिथेच त्याच्या नावापुढे खूण केली. त्याने एकही चौकोन काढला नव्हता. पण फोनमधली अडचण फोनमधून आलेली नाही, ती स्टेशनच्या बांधकामातून आली आहे, हे त्याला दिसलं.

आता उपाय. 'कुंपण काढून टाका' हे उत्तर नाही, कारण मग रेल्वेचं नुकसान कोण भरणार? मध्यंतरी स्टेशनांवर क्यूआर कोड लावले होते. ते स्कॅन केले की आत उभं राहूनही तिकीट निघायचं. पण त्या कोडचा फोटो फोनमध्ये ठेवला की गाडीत बसूनही तिकीट काढता यायचं. म्हणजे कुंपणाला आपणच भोक पाडलं. ही अडचण उमेदवाराने स्वतः ओळखली तर फारच छान. नाही ओळखली तर आम्ही सांगतो आणि बघतो तो काय करतो. कोणी म्हणतो कोड दर काही सेकंदांनी बदलणारा पाहिजे, पडद्यावर दाखवायचा. लगेच मी इंजिनिअर म्हणून विचारतो, प्रत्येक पुलावर पडदा, वीज, नेट, दुरुस्ती, खर्च किती? उत्तर चुकलं तरी चालतं. प्रश्न ऐकून तोंड पडतं का, की मजा येते, हे कळतं.

कमी खर्चाचे उपाय पण असतात. बाहेरची मर्यादा गेलीच आहे, तर अंधेरीला मेट्रोत चढतानाच पुढचं लोकलचं तिकीट काढून ठेवता येईल. ते माणसाला त्या वेळी कोण सुचवणार? नकार देणाऱ्या स्क्रीनवर 'बाहेर जा' एवढंच लिहिण्याऐवजी जवळचं तिकीट मशीन कुठल्या बाजूला आहे हे दाखवता येईल का? रुळांलगतच्या इमारतीत राहणाऱ्याला स्वतःच्या घरात बसूनही नकार येऊ शकतो, कारण दाट वस्तीत जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं. त्याचं काय? मग मी विचारतो, तुमचा उपाय चालला हे कशावरून समजायचं? 'लोक खूश होतील' हे मोजता येत नाही. 'नकार आल्यावर पुढच्या दहा मिनिटांत किती जणांनी मशीनवर किंवा ॲपवर तिकीट काढलं' हे मोजता येतं.

आता रेल्वेने २०२५ च्या जुलैत रेलवन नावाचं एकत्र ॲप आणलंय, तिथेही हाच विचार लागू होतो. ॲप बदललं तरी पूल तोच आहे.

पवईतलं एक उदाहरण अभ्यासाला

मुलं विचारतात, चांगली केस स्टडी कशी असते? परदेशी ब्लॉग वाचण्याआधी घाटकोपरहून बसने पवईला जा, म्हणजे मनाने जा. आयआयटी मुंबईतलं आयडीसी १९६९ साली सुरू झालं. रुपयाचं चिन्ह, जे २०१० मध्ये सरकारने स्वीकारलं, ते काढणारे उदय कुमार तिथलेच विद्यार्थी. पण मला यूएक्ससाठी त्याहून आवडणारं काम म्हणजे तिथल्या प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने केलेला स्वरचक्र कीबोर्ड, २०१३ च्या सुमाराचा.

त्यातला विचार बघा. इंग्रजी कीबोर्डवर मराठी कोंबलं की पन्नासच्या आसपास अक्षरं, वर मात्रा, वर जोडाक्षरं, सगळी गर्दी. स्वरचक्रात 'क' दाबून धरला की त्याच्याभोवती चक्र उघडतं: का, कि, की, कु, कू. बोट त्या दिशेला सरकवायचं. आपण शाळेत बाराखडी शिकलो, तीच रचना बोटाखाली आली. नवीन काही पाठ करायचं नाही.

आणि मग कठीण प्रश्न. इतका विचार करून केलेला कीबोर्ड असताना तुमच्या ग्रुपमधले निम्मे लोक इंग्रजी अक्षरांतच मराठी का लिहितात? बोलून टाइप करायची सोय आल्यावर काय झालं? आज तुम्हाला मराठी टायपिंगचं काम दिलं तर कुठून सुरू कराल? याचं एकच उत्तर नाही. पण यावर दहा मिनिटं घरच्यांशी बोलून बघा, व्हाइटबोर्ड राउंडची तयारी आपोआप होते.

इंजिनिअर जे विचारतो

माझे काही प्रश्न ठरलेले आहेत. नेट गेलं तर ही स्क्रीन कशी दिसेल? यादी रिकामी असेल तर? नाव चाळीस अक्षरांचं असेल तर? बहुतेक पोर्टफोलिओत सगळं भरलेलं, नेट पूर्ण, युझरचं नाव चार अक्षरी. खऱ्या फोनवर तसं नसतं.

आणि देवनागरी. हे माझं आवडतं. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठेवली की 'शुल्क' मधला उकार कापला जातो, 'र्की' ची टोपी उडते. बटणावरचा एका शब्दाचा इंग्रजी मजकूर मराठीत दोन-तीन शब्दांचा होतो आणि बटणाबाहेर येतो. ज्या उमेदवाराने स्वतःहून स्क्रीन मराठीत टाकून बघितली आहे, त्याला मला फार काही विचारावं लागत नाही. मुक्त आणि बलू हे फुकट मिळणारे चांगले देवनागरी फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' ने केलेत, ते लावून बघा. शिवाय बटणाचा आकार: अँड्रॉइड किमान ४८ डीपी सांगतं, ॲपल ४४ पॉइंट. लोकलमध्ये एक हात हँडलला आणि दुसऱ्या हातात फोन, तेव्हा अंगठ्याला हे आकडे का ठरवले ते समजतं.

एआयचं पण विचारतात आता. स्क्रीन तर एआय दोन मिनिटांत काढून देतं, मग तुम्ही कशाला? यावर चिडू नका. वर पिग्मीची गोष्ट सांगितली ना, गल्लीच्या क्रमाने यादी लावायची हे कुठल्या एआयला कुणी सांगितलं असतं? बाजारात फिरलेल्या माणसानेच.

घरी करायचं काम देतात तेव्हा

इथे जरा सांभाळून. चार-सहा तासांचं, काल्पनिक विषयावरचं काम असेल तर हरकत नाही. पण माझ्या एका मित्राला उपनगरातल्या एका कंपनीने त्यांच्याच चालू ॲपचा पूर्ण फ्लो करायला सांगितला, आठवडाभर. त्याने केला. नोकरी मिळाली नाही, आणि काही महिन्यांनी तशीच स्क्रीन त्या ॲपमध्ये दिसली. म्हणून आधी विचारा: किती तास अपेक्षित आहेत, हे तुमचं चालू काम आहे का, आणि केलेलं काम कोणाचं राहील? सभ्यपणे विचारलं तर चांगली कंपनी रागवत नाही. रागावली तर तुमचा आठवडा वाचला.

इंग्रजीचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. खरं सांगतो, आमच्या गुणांच्या तक्त्यात इंग्रजीचा रकाना नाही. 'स्पष्ट सांगता येतं का' हा आहे. अडचण अशी की अडखळत बोलणारा माणूस गोंधळलेला वाटतो, आणि पॅनेलवरचे सगळे हा फरक करतातच असं नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आहे ते आहे. उपाय व्याकरणाचा नाही. आपला एक प्रोजेक्ट तीन मिनिटांत, आधी मराठीत, एखाद्या चुलत भावाला किंवा आईला सांगा. त्यांना कळला की मगच इंग्रजीत सांगा, छोट्या वाक्यांत. मध्येच हिंदी-मराठी शब्द आला तर येऊ द्या. मुंबईतल्या ऑफिसात कोण शुद्ध इंग्रजी बोलतं? आणि बोलताना काढत राहा. पेन चालू असलं की वाक्य अपुरं राहिलं तरी चालतं.

तुम्ही पण प्रश्न विचारा

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हणतात तेव्हा 'नाही' म्हणू नका. सिनिअर जागेसाठी तर नाहीच. किती डिझायनर आणि किती इंजिनिअर आहेत ते विचारा. वीस इंजिनिअरमागे एकच डिझायनर असेल तर तुम्ही दिवसभर बटणंच काढणार, हे आधीच कळलेलं बरं. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे का तेही विचारा. आणि एक प्रश्न, जो मागे एका मुलीने आमच्याच पॅनेलला विचारला होता: गेल्या सहा महिन्यांत डिझायनरच्या सांगण्यावरून तुम्ही तयार झालेलं काय थांबवलं किंवा बदललं, एक उदाहरण द्या. आमच्याकडे एक होतं, सुदैवाने. प्रॉडक्ट मॅनेजरने ते सांगितलं, आणि तिने वहीत लिहून घेतलं.